दोन वाजता, खालच्या फांदीवर

तिबोटी खंड्या चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १३ सेंटिमीटर भरतो. त्याचा फोटो काढायला आम्ही भर पावसात कर्नाळ्याला गेलो, तेव्हा आमच्यातल्या एकाच्या लेन्सच्या तोंडावरचा नळीसारखा नुसता हूडच याहून लांब होता. त्यात खंड्याने संसार थाटला असता तरी मालकाला पत्ता लागला नसता.

जूनमध्ये ढग दाटले की हा रंगीत ऐवज विणीसाठी कोकणात उतरतो आणि पाठोपाठ मुंबई-पुण्याचे कॅमेरेवाले उतरतात. खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा खणतो आणि आपल्या कामाला लागतो. कॅमेरेवाला ओढ्याकाठी येऊन घसरतो आणि सगळ्यांना कामाला लावतो.

आमच्या म्होरक्याला सगळे सर म्हणतात. सरांची सूचना होती, भडक कपडे नकोत, पक्षी बुजतात. त्यामुळे आम्ही सगळे पालापाचोळ्याच्या छापाचे शर्ट घालून गेटवर हजर. एक ताई तर टोपीपासून बुटांपर्यंत अशा झाडीत मिसळल्या होत्या की मोजणीत दोनदा राहून गेल्या. मग पाऊस आला आणि ताईंनी त्यावर रेनकोट चढवला. नारिंगी, बाह्या जांभळ्या. ‘सेलमध्ये एवढाच उरला होता हो,’ त्या म्हणाल्या. सरांनी डोळे मिटून घेतले.

कर्नाळ्याची वाट उन्हाळ्यात वाट असते. पावसात ती ओढ्याची धाकटी शाखा होते. काळे गुळगुळीत दगड, त्यांवर शेवाळ, शेवाळावर आम्ही. पडताना माणूस हात टेकतो, हा जगाचा नियम. फोटोग्राफर टेकत नाही. टोपलीत बाळकृष्ण घेऊन यमुनेत उतरलेल्या वसुदेवासारखा तो कॅमेरा डोक्यावर धरतो आणि बुडावर बसत बसत खाली जातो. वरून मंडळी काळजीने ओरडतात, ‘लेन्सला काही झालं नाही ना?’ माझ्या माकडहाडाची चौकशी आजतागायत कोणी केलेली नाही.

पण खरी बिकट वाट पायाखाली नसते, ती पक्ष्यापर्यंत नजर नेण्यात असते. सर एकदम थबकले. हात वर. कुजबुजले, ‘दिसला!’

‘कुठे?’

‘ते झाड दिसतंय ना?’

आम्ही जंगलात उभे होतो. झाडाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

‘ते नव्हे, त्याच्या पुढचं. दोन फाटे फुटलेत बघा. डावा धरा, खाली या, वेल ओलांडा, मग दोन वाजता.’

दिशा सांगायची ही घड्याळाची भाषा ज्याने पक्षीनिरीक्षणात आणली त्याला एकदा भेटायचं आहे. घड्याळ कोणाचं धरायचं? सर आमच्याकडे तोंड करून उभे. त्यांचे दोन म्हणजे आमचे दहा. निम्मे उजवीकडे, निम्मे डावीकडे वळले, लेन्सा एकमेकींवर आपटल्या. मागून काकांनी मनगट बघून शांतपणे सांगितलं, ‘आत्ता तर सव्वाआठच झालेत.’

‘ते पिवळं पान दिसतंय का? बरोब्बर त्याच्याखाली.’

ते पिवळं पान त्याच क्षणी गळून पडलं.

मग समूहात जे होतं तेच झालं. एक म्हणाला, ‘हां हां, दिसला.’ दुसरा म्हणाला, ‘वा!’ राहिलेल्यांना एकट्याने आंधळं ठरायचं नव्हतं, त्यामुळे मिनिटभरात तो सगळ्यांना दिसला आणि कॅमेरे मशीनगनसारखे सुटले. कशावर, ते कोणी कोणाला विचारलं नाही.

फोटो येणं तसंही अवघडच. पावसाळी झाडीखाली उजेड भिकेला लागलेला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ६४००पर्यंत चढवा, शटर सेकंदाच्या १/६०वर आणा, आणि समोर सारखं डोकं खालीवर करणारा पक्षी. लेन्सवर वाफ, वाफेवर थेंब, आणि पुसायचा रुमाल कधीच ओला झालेला. माझ्या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा आपोआप शोधायची सोय आहे. तिच्यापायी मी चार पैसे जास्त मोजले. तिने दिवसभरात पानाला पडलेलं भोक शोधलं, गोगलगाय शोधली आणि ताईंच्या रेनकोटाचं बटण तर पुन्हा पुन्हा शोधलं.

सर एका बाबतीत मात्र कडक आहेत, आणि ते मला पटतं. घरट्याजवळ जायचं नाही, फ्लॅश नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. चोचीत पाल धरून आईबाप बाहेर ताटकळतात, आत पिल्लं उपाशी आणि दारात तिवयांची रांग, असले प्रकार काही ठिकाणी चालतात. अशांच्या लेन्समध्ये बुरशी धरो. आम्ही लांबच थांबलो. लांबून ऐकू येत होते सातभाई पक्ष्यांचे भांडण आणि अभयारण्यातूनच जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावरचे हॉर्न.

काका गुडघ्यामुळे मागेच एका दगडावर बसले होते. त्यांच्याकडे कॅमेरा नाही, नुसती जुनी दुर्बीण. आम्ही चिखलाने माखून परतलो तर ते डबा बंद करत होते.

‘येऊन गेला की तुमचा खंड्या. इथे, समोर. सापसुरळी की काय ते दगडावर आपटत होता. पाच मिनिटं होता बघा.’

‘फोटो?’ सगळे एकदम.

‘हातात थालीपीठ होतं.’

सरांनी उलटतपासणी घेतली. चोच? ‘शेंदरी.’ पोट? ‘पिवळंधमक.’ पाठ? ‘निळी, वर जांभळट झाक.’ पायाला बोटं किती?

‘मोजली नाहीत,’ काका म्हणाले.

सरांनी मान हलवली. पुराव्याशिवाय नोंद होत नाही. मग प्रत्येकाचा कॅमेरा तपासला गेला. फांदी, फांदी, धुकं, सरांचा कान. शेवटी माझा. हिरव्या पानांच्या फटीत नारिंगी डाग, त्याला लागून जांभळा. सरांनी तो मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ‘पोट आणि पाठ, दोन्ही रंग आलेत. नुसता नोंदीपुरता, रेकॉर्ड शॉट आहे, पण आहे!’ दिवसाच्या यादीत तिबोटी खंड्याची नोंद झाली, पुढे माझं नाव लागलं. काकांनी सुद्धा अभिनंदन केलं.

हायवेवरच्या टपरीवर चहा येईपर्यंत तो फोटो हातोहात फिरला. ताईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘हे माझं कोपर आहे.’

सरांनी यादी आधीच ग्रुपवर टाकली होती.