ग्लासभर पाण्यात भेसळ सापडते का?

‘चमचाभर पदार्थ ग्लासभर पाण्यात टाका आणि दोन मिनिटांत भेसळ पकडा,’ असा एक मजकूर सध्या पालकांच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. त्यात चार दावे आहेत. मिठाने पाणी गढूळ झालं किंवा तळाशी काही उरलं, तर मीठ भेसळीचं. मध पाण्यात विरघळला, तर तो साखरेचा पाक. आमसुलाने लगेच रंग सोडला, तर ते रंगवलेलं. आणि हळदीने पाणी गडद पिवळं केलं, तर हळद खोटी. खाली पुन्हा ‘मुलांकडून करून घ्या, विज्ञान शिकतील’ अशी पुस्ती जोडलेली. या पुस्तीमुळेच उत्तर द्यावंसं वाटलं, कारण चौथी-पाचवीतल्या मुलांनी हे असंच शिकलं तर विरघळणं म्हणजे काय, तेच चुकीचं डोक्यात बसेल.

आधी मीठ. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ पाण्यात टाकलं की पाणी मातकट होतंच. तिथे खारं पाणी जमिनीवरच्या वाफ्यांत घेऊन उन्हात आटवतात आणि धरलेलं मीठ तिथूनच ओढून गोळा करतात. खड्यांना थोडी चिकणमाती लागून येणारच. (१९३० साली याच गावात लोकांनी कायदा मोडून मीठ उचललं, तेव्हा कुणी ग्लास घेऊन उभं नव्हतं.) ग्लासात आता दोन निरनिराळ्या गोष्टी चालल्या आहेत. मीठ विरघळतंय, म्हणजे त्यातले सोडियम आणि क्लोराइडचे विद्युतभारित कण पाण्याचे रेणू चहूबाजूंनी घेरून सुटे करताहेत. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि फडक्यात अडकत नाहीत. माती मात्र विरघळलेली नाही, नुसती मिसळली आहे, म्हणून ती दिसते आणि काही वेळाने खाली बसते. मुलांना खरंच प्रयोग द्यायचा तर हे पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं अलगद ताटलीत ओता आणि उन्हात ठेवा. पाणी उडून जाईल आणि ‘नाहीसं झालेलं’ मीठ ताटलीत परत मिळेल. हे एप्रिलमध्ये करा. श्रावणात करायला गेलात तर ताटली वाळायची नाही.

आता पाकिटातलं पांढरंशुभ्र मीठ घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत मिठाला पाणी सुटतं. ते मोकळं राहावं म्हणून काही मिठांत मॅग्नेशियम कार्बोनेट किंवा सिलिकासारखा न विरघळणारा पदार्थ किंचित घातलेला असतो. त्याला कायद्याची परवानगी आहे. त्याने पाणी थोडं धुरकट दिसू शकतं. म्हणजे या परीक्षेत मिठागरवालाही नापास आणि कारखानावालाही.

तळाशी मीठ उरण्याचंही तसंच. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, पुढे नाही. २०० मिलिलिटरच्या ग्लासात सत्तरेक ग्रॅमच्या वर मीठ टाकलं तर कितीही ढवळा, ते खाली बसणार. पाणी उकळून घेतलं तरी ३६ चे ३९ होतात, एवढाच फरक. साखरेचं तसं नाही. ती साध्या पाण्यातही १०० ग्रॅमला २०० ग्रॅमच्या आसपास विरघळते आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. जाड्या मिठाबद्दल काळजी करायची तर आयोडीनची करा. पाकिटातल्या मिठात ते मुद्दाम मिसळलेलं असतं, जाड्या मिठात सहसा नसतं. आणि ते आहे की नाही, हे या ग्लासात बघून कळणार नाही, कारण आयोडीन ज्या क्षाराच्या रूपात घालतात, तो पूर्ण विरघळतो.

मधाचा दावा तर उलटाच आहे. मध म्हणजे मुख्यतः फळातली साखर आणि ग्लुकोज, आणि दोन्ही पाण्यात छान विरघळतात. थेंब आधी तळाला जातो तो जड आणि दाट असल्यामुळे. साखरेचा घट्ट पाकही असाच तळाला जाईल. ढवळल्यावर दोन्ही विरघळतील. ढवळूनही जो विरघळणार नाही, त्या मधाबद्दल मला जास्त शंका येईल.

आमसुलावरचा आरोप कोकणातल्या माणसाने पुढे पाठवावा, याचं आश्चर्य वाटतं. आमसूल म्हणजे रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, वाळवलेली साल, आणि त्या सालीतला लाल रंग पाण्यात विरघळणाराच आहे. तो उतरला नसता तर सोलकढी गुलाबी कशाने झाली असती? आगळाचं, म्हणजे कोकमाच्या दाट रसाचं, सरबत कशाने लाल झालं असतं? त्याच रातांब्याच्या बियांतलं तेल मात्र पाण्यात घातलं तर वरच राहतं. एकाच फळातल्या दोन गोष्टी, एक पाण्यात जाणारी आणि दुसरी न जाणारी. मुलांना दाखवण्याजोगं हे आहे. त्या लाल पाण्यात चिमूटचिमूट खायचा सोडा घालत गेलात तर फेस येईल आणि रंग बदलत जांभळ्या-निळसर छटेकडे झुकेल, कारण हा रंग आंबटपणाप्रमाणे बदलतो. पण यालाही शुद्धतेची परीक्षा म्हणून फॉरवर्ड करू नका. वरून थोडा कृत्रिम रंग मिसळलेला असेल, तर तो यात लपून जाऊ शकतो.

राहिली हळद. इथे मजकुरात थोडं तथ्य आहे. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात उतरतं, म्हणून आपण ती फोडणीत घालतो. मेटॅनिल यलो हा खाण्यास बंदी असलेला रंग मात्र पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे पाणी झटकन गडद पिवळं झालं तर शंका घ्यायला जागा आहे. पण हळद चकचकीत दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा पिवळा रंगही वापरल्याचं आढळलं आहे. त्यात शिसं असतं, आणि मुलांच्या मेंदूला शिशाचा सर्वांत जास्त धोका. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही. ते खऱ्या हळदीसारखंच मुकाट तळाशी बसतं, वरचं पाणी फिकट राहतं, आणि या मजकुराप्रमाणे ती हळद शुद्ध ठरते. शिसं आहे की नाही, ते अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेतच कळतं.