पंचवीस मिनिटांचा हिशोब

नमस्कार,

माझ्या व्हायोलिन क्लासबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि खरं सांगते, झोप उडाली. ‘महिनाभरात एकही धून नाही, ४५ मिनिटांच्या तासात शिकवणं जेमतेम २५ मिनिटं’ असं लिहून एकच स्टार दिलात. तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल माफी मागते.

पण त्या २५ मिनिटांचा हिशोब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही ऑनलाइन मागवलेलं कोरं व्हायोलिन आणलंत. त्याची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो उभा लाकडी तुकडा, फिंगरबोर्डच्या (बोटं ठेवायच्या पट्टीच्या) बाजूला कललेली होती. तारा पिळताना तिचा माथा तिकडे ओढला जातो. ती आडवी पडली असती तर वरच्या लाकडाला इजा झाली असती, कदाचित आतला छोटा खांबही निसटला असता. मी तारा थोड्या सैल करून ती हळूहळू सरळ केली. तारांवर ओढायच्या गजाला राळेचा, म्हणजे त्याच्या केसांना घासायच्या चिकट पदार्थाचा, कण नव्हता. कोऱ्या गजातून आवाज निघत नाही. ‘बिघडलेलं पाठवलंय का?’ असं तुम्हीच विचारलंत. मग राळ घासत बसले. दुसऱ्या तासाला नव्या तारा उतरलेल्या, म्हणून पुन्हा खुंट्या. तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तुम्ही पंधरा-पंधरा मिनिटं उशिरा आलात. ऑफिसातून धावत येता हे कळतं, म्हणून तेव्हा बोलले नाही. पण ती मिनिटंही माझ्याच नावावर टाकलीत, ते लागलं.

आता धून. व्हायोलिनला गिटारसारखे पडदे (सुराची जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या) नसतात, बोट दोन मिलिमीटर सरकलं की सूर गेला. त्याआधी गज सरळ चालायला हवा, आणि आपण मोठी माणसं तो असा आवळून धरतो की अंगठा ताठ आणि खांदा कानापाशी. (मुलं पाडतात, पण आवळत नाहीत.) मोकळ्या तारांवर लांब गज ओढणं कंटाळवाणं आहे, मान्य. चौथ्या तासाला डी तारेवर तुमचा गज मुठीपासून टोकापर्यंत न थरथरता गेला. तुम्ही हसलात. मला वाटलं, जमलं! रिव्ह्यू त्याच रात्री आला.

हा क्लास मी एकटी चालवते. चौकशी करणारा माणूस आधी हेच वाचतो. काल एका बाईंनी फोनवर पहिला प्रश्न २५ मिनिटांचाच विचारला.

यापुढे नवं वाद्य तपासायला पहिल्या तासाआधी वेगळा वेळ देईन. तार बोटाने छेडून एखादी सोपी धून लवकर घेता येईल का, तेही बघते. मुलांच्या बॅचमध्ये अवघडल्यासारखं होतं असं लिहिलंत, त्याचंही काहीतरी करू.

तुमची जागा अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. आणि तुमची राळेची डबी दुसऱ्या तासापासून इथेच राहिली आहे. घरी सराव कसा चालला होता, ते विचारत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, याल तेव्हा घेऊन जा.