गच्चीची किल्ली

आज भाऊबीज, २०२५ची. ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडला. ऐन लक्ष्मीपूजनाला लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला, केतूची छाया पडली आहे, राज्यावर संकट आहे, गरोदर बायकांनी आठ दिवस संध्याकाळी उघड्यावर जाऊ नये. खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

माझ्या लेकीला पाचवा महिना आहे. हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी. तिने तो मेसेज वाचला आणि हळूच म्हणाली, "आई, उद्या गच्चीवर नको ना जाऊया."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

१९९७चा एप्रिल, पाडव्याच्या आसपासचे दिवस. आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो आणि मला सातवा महिना होता. हीच पोटात. हेल-बॉप धूमकेतू रोज संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. अख्खा वाडा गच्चीवर. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि दार ओढून घेतलं. वरून भावजींचा आवाज आला, "शेपूट बघा, केवढं!" मी तांदूळ निवडत होते. तो धूमकेतू आता ४३८५ सालाच्या सुमाराला परत येईल.

केतूची छाया म्हणे! पत्रिकेतला केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो एक बिंदू. त्याला ना बर्फ, ना शेपूट. आणि हा लेमन म्हणजे बर्फाधुळीचा गोळा, याच जानेवारीत ॲरिझोनातल्या वेधशाळेतून सापडलेला. 'जवळ' आला तेव्हाही जवळजवळ नऊ कोटी किलोमीटरवर होता. नाव जुळलं की दोन्ही एकात कालवून मोकळे! बृहत्संहितेत, वराहमिहिराच्या जुन्या ज्योतिषग्रंथात, केतूंवर म्हणजे धूमकेतूंवर अख्खा अध्याय आहे आणि त्यात फळंही सांगितली आहेत, हे मान्य. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला वराहमिहिर सांगतो की यांचं दिसणं आणि मावळणं गणिताने कळत नाही. तो एवढं तरी कबूल करतो! आज हॅलेच्या धूमकेतूचं पुढचं साल शाळेतलं पोर सांगेल, २०६१.

मुहूर्त मीही बघते. या फ्लॅटचा ताबा घेताना पंचांग उघडलं होतंच. असो.

पण मला एक सांगा, संकट राज्यावर आणि कोंडायचं कुणाला? बाईला. नेहमी बाईलाच. मे महिन्यात नारळीकर सर गेले तेव्हा याच ग्रुपवर, याच लोकांनी त्यांचे फोटो टाकले होते. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था या गावात आहे, १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था याच गावात लोकांना आकाश दाखवते आहे, आणि इथे शिकलेली माणसं दुसऱ्याच्या पोटुशी लेकीला घाबरवतात. लाज वाटत नाही?

सासूबाईंवर मात्र मला अजून नीट रागावता आलेलं नाही. त्यांचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून. हे त्यांनी मला शेवटच्या आजारपणात सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. चाळीस वर्षं त्या स्वतःलाच दोष देत होत्या. त्या दिवशी दार ओढून घेतलं ते त्या भीतीने, एवढं मला आता कळतं. त्या रात्री त्या माझ्यासाठी गरम भाकरी आणि वर तुपाचा गोळा घेऊन आल्या आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

ते 'भाजी चिरलीस' म्हणणारं माणूस कोण होतं, त्यांनी कधी सांगितलं नाही. आज तेच माणूस मेसेज फॉरवर्ड करत असेल.

लेकीला मी हे काही सांगितलेलं नाही अजून. ती आत झोपली आहे. दादाकडून आज ओवाळणी म्हणून त्याची जुनी दुर्बीण मागून घेतली, कारण हा धूमकेतू हेल-बॉपसारखा ठळक नाही आणि पुण्याच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण. उद्या पावणेसातला, पश्चिमेला. मी जाणार आहे, ढग असले तरी. ती आली तर आली. नाही आली तर गच्चीची किल्ली लगेच परत करणार नाही, चार दिवस माझ्याकडेच राहू दे.