काढा, केमो आणि किडनी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. "परसातल्या पुनर्नव्याला नावं ठेवता आणि किडन्या खराब करणाऱ्या इंग्रजी औषधांबद्दल ब्रसुद्धा काढत नाही. उंदरांवर प्रयोग झालेत, वाचा जरा," असं तुम्ही लिहिलंत. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात भावाची सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाची केमो चालू आहे आणि तुम्ही त्याला पुनर्नवा या वनस्पतीचा काढा देताय, हेही लिहिलंत. म्हणून हे सविस्तर उत्तर.

औषधं किडनीला इजा करतात, यात वादच नाही. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक किडनीतल्या नलिकांच्या पेशींत साठत जातं आणि त्यांना मारतं. सिस्प्लॅटिनचा घावही तिथेच. पावसात शेतात उतरलेला माणूस तापाने फणफणला की फार्मसीतून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेतो. ताप लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा, किडनीवर घाव घालणारा संसर्ग) निघाला, तर आधीच मार खाल्लेल्या किडनीचा रक्तपुरवठा ती गोळी आणखी कमी करते. याची चीड मलाही तुमच्याइतकीच आहे.

आता उंदीर. पुनर्नवा किंवा हळदीतलं कुरक्युमिन दिल्यावर त्यांचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) कमी चढलं, हे खरं. पण अर्क बहुधा किडनीला इजा करणाऱ्या औषधाच्या आधीपासून किंवा सोबत पाजलेला असतो. आपल्याकडे पुनर्नवा आठवतो तो पाय सुजल्यावर! शिवाय सिस्प्लॅटिन दिलेल्या त्या उंदरांना बहुतेकदा कॅन्सर नसतोच. मग अर्काने किडनीबरोबर कॅन्सरची गाठही औषधापासून वाचवली का, हे कळणार कसं?

पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार असतात. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाहीत आणि हृदयाचे ठोके बिघडतात. झाडपाल्याने अपाय होत नाही म्हणता, तर आपलं बिंबल हे आंबट फळ घ्या. हुमणात (माशांच्या कालवणात) चार पडली तर काही होत नाही. पण केरळात कोलेस्टेरॉलसाठी त्याचा रस प्यायलेल्या 10 जणांच्या किडन्या बंद पडल्याची नोंद 2013 साली डॉक्टरांनी छापली. त्या रसातल्या ऑक्झलेट या क्षाराने नलिकांचं नुकसान केलं होतं, 7 जणांना डायलिसिस लागलं.

सिस्प्लॅटिनच्या आधी-नंतर सलाईनच्या बाटल्या चढवतात, बऱ्याचदा मॅग्नेशियमही देतात. किडनी वाचते ती त्याने, आणि हे माणसांवर तपासलेलं आहे. तेव्हा तूर्त काढा थांबवा. पुढच्या केमोला जाताना त्याची बाटली सोबत न्या, किती दिवस आणि किती दिला ते डॉक्टरांना सांगा, आणि क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियमही तपासायला सांगा. रिपोर्ट आला की इथे जरूर कळवा.