नवरा भांडी घासतो, पण दार लावून

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये निदान चार-पाच नवरे असे आहेत जे घरात कुकर लावतात, मशीनला कपडे टाकतात, पोरांचे डबे भरतात, पण तेच ओले कपडे घेऊन गच्चीवर जा म्हटलं की ह्यांना नेमका फोन येतो. गच्चीवर समोरच्या काकू असतात ना! आमचे हे पण त्यातलेच (वाचतील आता, वाचू देत).

मी पतसंस्थेत, हे कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळं कामं वाटून घ्यायची ह्यावर आमच्यात वाद नाहीच. वाद पाहुणे आल्यावर. सासूबाई गावाकडनं आल्या की ह्यांचं भांडी घासणं बंद, आणि "अगं पाणी आण गं" असा एक आवाज निघतो जो एरवी घरात कधी ऐकलेला नसतो. खरं तर त्यांचं काहीच म्हणणं नसतं, जन्मभर रानात भांगलून घरी येऊन परत चूल पेटवलेली बाई ती.

सरकारचा टाइम यूज सर्व्हे बघा, 2024 चा, म्हणजे लोकांचा दिवस कशाकशात जातो त्याची पाहणी. घरातल्या बिनपगारी कामाला बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं, पुरुषांची 88. 2019 ला 299 आणि 97 होती. म्हणजे मधला फरक 202 चा 201 झाला, पाच वर्षांत एक मिनिट! आणि ही 88 पण जे करतात त्यांचीच, दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात 27.

आपल्याकडं ऊसतोडीला येणारी जोडपी बघा. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरनं ट्रॉलीपर्यंत नेते. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर मिळते, पण कोपीवर, त्यांच्या झोपडीवर, गेल्यावर भाकरी तिनंच थापायची. रानात चारचौघांत बरोबरीनं राबलेलं चालतं मग चुलीपाशीच कसली लाज ओ?

आणि भांडी घासली म्हणजे ओटा पण पुसायचा, सिंकच्या जाळीतलं खरकटं काढायचं, कढईची मागची बाजू पण कढईचीच असते.

ह्या गणपतीत आमच्याकडं सगळं गोत जमणार आहे. पंगत उठली की खरकटी ताटं ह्यांनी उचलायची, सगळ्यांदेखत, असं ठरलंय. दीर-नंदाव्यांना हसायचं असेल तर खुशाल हसावं, जादा घासण्या आणून ठेवल्यात.