जामीन मिळतो, जामीनदार कुठून आणायचा?
जामीनदार मिळत नाही म्हणून जामीन मंजूर होऊनही गरीब लोक तुरुंगात राहतात असं लेखात म्हटलंय, अगदी खरंय. आमच्या शेजारचा पोरगा, सेंट्रिंगच्या कामावर जायचा, किरकोळ चोरीची केस, जामीन १५ हजाराचा झाला पण जामीनदार कोण होणार, ना सातबारा ना सॉल्व्हन्सी (तहसीलचा ऐपतीचा दाखला), आई बिचारी तहसीलच्या चकरा मारून दमली आणि तो दोन महिने आतच. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम ४७९ आलंय, पहिलाच गुन्हा असेल तर (जन्मठेप-फाशीवाले सोडून) खटला चालू असतानाच कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बाँडवर (लेखी हमीवर) सोडायचं. छान आहे, पण आधी एक तृतीयांश भोगायचीच ना? १९७९ च्या हुसैनआरा खातून निकालात सुप्रीम कोर्टाने गरिबांना जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच लेखी हमीवर) सोडा म्हटलं होतं, तरी खालच्या कोर्टात अजून ऐपतीचा दाखलाच मागतात राव!