‘तर्फे’ या शब्दाचं काय करायचं?

“ट्रस्टी वारला की 90 दिवसांत मुलांनी सातबाऱ्यावर वारस नोंद करून घ्यावी, नाहीतर जमीन सरकारजमा होते. उरलेल्या ट्रस्टींकडून बक्षीसपत्र करून घ्या. एकदा नाव लागलं की विकायला मोकळे.” असा देवस्थान ट्रस्टच्या जमिनींबद्दलचा निरोप सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. यात 90 हा आकडा तेवढा खरा आहे, पण तोही भलत्याच कामाला चिकटवलाय.

आधी वारस नोंदीचं बघू. देवस्थानच्या जमिनीचा सातबारा काढा आणि सावकाश वाचा. बहुतेक ठिकाणी ‘श्री अमुक देवस्थान ट्रस्ट तर्फे वहिवाटदार’ (म्हणजे जमिनीची व्यवस्था पाहणारा) असं लिहून पुढे माणसाचं नाव असतं. माणूस गेला की ‘तर्फे’च्या पुढचं नाव बदलायचं, मागच्याला हात लावायचा नाही. मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हेच सांगितलं: जमिनीची मालक देवता, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा, आणि मालकाच्या रकान्यात त्याचं नाव लावायची गरज नाही.

गेल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे कागद घेऊन आला. वडील गावच्या देवस्थानचे विश्वस्त होते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र दिलं, फेरफार मंजूर झाला. नव्या सातबाऱ्यावर आई, तो आणि दोन बहिणी. ‘तर्फे’ गायब! बहिणी सासरी, आपण देवाच्या जमिनीच्या मालकीण झालोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करून तो फेरफार रद्द करून घ्यावा लागला.

ट्रस्टच्या घटनेत (म्हणजे नियमावलीत) विश्वस्तपद वंशपरंपरागत असेल तर मुलगा विश्वस्त होऊ शकतो, हे खरं. पण त्याला खुर्ची मिळते, जमीन नाही.

आता ते 90 दिवस. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो ट्रस्टने द्यायचा; वारसांनी नव्हे. मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र एवढी तयारी ठेवा. रिपोर्ट मंजूर झाला की त्या आदेशाची प्रत तलाठ्याकडे द्या, म्हणजे ‘तर्फे’च्या पुढचं नाव बदलता येतं. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडतात. आजवर आलेल्या कित्येक रिपोर्टांना तो जोडलेला असतो. उशीर झाला म्हणून जमीन सरकारजमा होत नाही.

बक्षीसपत्राचा सल्ला तर अफलातून. उरलेले विश्वस्त मालकच नाहीत, मग बक्षीस देणार कशाचं? खासगी ट्रस्टला 1882 चा भारतीय न्यास अधिनियम लागतो, तिथेही वारसांना जमीन मिळत नाही. कलम 76 प्रमाणे एक विश्वस्त गेला की मालमत्ता उरलेल्यांकडे राहते (ट्रस्टच्या दस्तात वेगळं लिहिलेलं नसेल तर), आणि कलम 75 प्रमाणे नवा नेमला की त्याच्याकडेही येते. एकुलता उरलेला विश्वस्तच गेला आणि नेमणूक करणारं कुणी नसेल, तर कलम 73 खाली त्याच्या कायदेशीर वारसांना नवा विश्वस्त नेमता येतो. वारसांचा संबंध येतो तो एवढाच.

राहिलं ते ‘विकायला मोकळे’. सार्वजनिक ट्रस्टची जमीन विकायला, अदलाबदलीला किंवा बक्षीस द्यायला 1950 च्याच अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त किंवा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरीही. घटनेत विक्रीचा अधिकार लिहिलेला असला तरी ही परवानगी चुकत नाही. त्या मुलाच्या सातबाऱ्यावर ‘तर्फे’ नव्हतं तेवढ्या चार महिन्यांत एक गिऱ्हाईक इसार घेऊन दारात आलंही होतं. आईने चहा देऊन त्याला परत पाठवलं.